पाटी एकाची, पत्र दुसऱ्याचं

बायोडाटा एका पानात कसा बसवायचा, हा आजचा ठरलेला विषय. तो पुढे ढकलावा लागतोय, कारण गंगापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा आयटीआयचा फिटर. रोजगार मेळाव्यात तो एका नावाजलेल्या कंपनीच्या टेबलासमोर तासभर रांगेत उभा राहिला. मुलाखत झाली, निवड झाली, घरी पेढे वाटले गेले. आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं, तर वर नाव भलत्याच एजन्सीचं. ‘ही फसवणूक आहे का?’ एवढंच त्यांना विचारायचं आहे.

बहुधा नाही. मेळाव्यात पाटी कंपनीची आणि टेबलामागचा माणूस ठेकेदाराचा, हे नेहमीचं दृश्य आहे. काम कंपनीच्याच शेडमध्ये असतं, पण पगार ठेकेदार देतो. मुलाचं चुकलं ते इतकंच, की त्याने ‘पगार किती?’ हा प्रश्न विचारला आणि ‘पगार कोण देणार?’ हा राहून गेला.

हा दुसरा प्रश्न विचारायची एक खुबी आहे. ‘कंपनी पेरोल की कॉन्ट्रॅक्ट?’ असं थेट विचारलं की ‘आधी जॉइन तर व्हा, सहा महिन्यांनी बघू’ असं गुळमुळीत उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘पीएफ कोणाच्या कोडवर जमा होणार?’ असं विचारावं. भविष्य निर्वाह निधीत प्रत्येक आस्थापनेचा कोड वेगळा असतो, त्यामुळे इथे नाव घ्यावंच लागतं. शिवाय विचारणाऱ्याला व्यवहार कळतो, हे समोरच्यालाही कळतं.

‘पीएफ नाही’ असं उत्तर आलं तर जागा बहुधा शिकाऊ उमेदवाराची असते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. मुदत संपल्यावर नोकरीची हमीही नसते. म्हणून ही जागा टाकाऊ ठरत नाही. आयटीआयवाल्याला शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं आणि रेल्वेत शिकाऊ प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना पुढे लेव्हल-1 च्या भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. मात्र शिकाऊ म्हणून कागद आणि कायम नोकरीची तोंडी हमी, अशी जोडी समोर आली तर कागदच खरा मानावा.

ठेकेदाराकडची नोकरीही वाईटच असते असं नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक गोष्ट पक्की केली: ठेकेदाराने पगार थकवला तर तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यासाठी आपण कोणत्या कंपनीत, कोणत्या ठेकेदाराकडून आणि कधीपासून काम करतोय, याचा कागद हाताशी हवा. गेटपास आणि पगाराची स्लिप कामाला येतात ती अशा वेळी.

आता आकडा. टेबलावर सांगितला जातो तो बहुतेकदा सीटीसी. समजा बेसिक 12,000 आणि घरभाडे भत्ता 5,000, म्हणजे 17,000. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,440, ईएसआय साधारण 553 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 577 धरली की सीटीसी होतो 19,570. टेबलावर त्याला ‘वीस हजार’ म्हणतात. मुलाच्या 17,000 मधून पीएफचे 1,440, ईएसआयचे 128 आणि व्यवसाय कराचे 200 कापले जातात. हातात येतात 15,232. फेब्रुवारीत आणखी 100 कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर 300 असतो. त्याच जागेवर मुलगी असेल तर तिला 15,432 मिळतील: महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. वाळूजला खोली घेऊन राहायचं तर हिशेब पंधरा हजारांवर मांडायचा की विसावर, हे टेबलाशीच ठरलेलं बरं. म्हणून ‘कट होऊन हातात किती?’ हे लाजून मनात ठेवू नये.

यातलं बरंच मेळाव्याला जाण्याआधीही कळू शकतं. मेळावे भरवणारं जिल्हा कौशल्य विकास केंद्र म्हणजे आधीच्या पिढीचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, ज्याचं कार्ड अनेकांच्या वडिलांच्या ट्रंकेत अजून सापडेल. ही कार्यालयं 1945 मध्ये निघाली ती महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. इतरांना दार उघडलं ते 1948 मध्ये. पुढे 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा कळवण्याची सक्ती झाली. गंमत अशी, की सक्ती कळवण्याची होती, तिथूनच माणूस घेण्याची नव्हती. कार्ड काढून वर्षानुवर्षं कॉलची वाट पाहणाऱ्या कित्येकांना हा बारकावा कोणी सांगितलाच नाही.

आता त्या कार्डाच्या जागी महास्वयम पोर्टल आलंय. नोंदणी फुकट आहे. मेळाव्याच्या पानावर कंपनी, पद, पात्रता आणि जागांची संख्या आधीच दिसते. आदल्या रात्री ही यादी उतरवून घ्यावी आणि मांडवात पाटीवरचं नाव तिच्याशी ताडून बघावं. नावं जुळली नाहीत की पीएफ कोडचा प्रश्न तयार.

गंगापूरच्या त्या मुलाने पत्र पुन्हा नीट वाचलं. ठेकेदाराचा पीएफ कोड त्यावर छापलेला आहे, मुदत 11 महिन्यांची आहे आणि ओव्हरटाइमचा दर कुठेच नाही. तो दर लेखी मागून घेऊन सोमवारी रुजू व्हायचं, असं घरात ठरलंय.

बायोडाटा पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर आपापल्या कागदावरचे रास, उंची आणि ‘मामांचे गाव’ हे रकाने तेवढे खोडून ठेवावेत. ते दुसऱ्या बायोडाटातले आहेत.