सरकारी नको, मग कुठे?

'डॉक्टर, सरकारीत नको, दुसरीकडची चिठ्ठी द्या,' असे सांगणारे नातेवाईक आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांना रोज भेटतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा लोकांनी धास्ती घेतली तर नवल नाही. परंतु धास्तीपोटी रुग्णाला भलतीकडे नेले तर जीवही जातो आणि शेतही गहाण पडते. म्हणून पर्याय कोणते, हे घरात सगळे धडधाकट असतानाच पाहून ठेवावे.

पहिला पर्याय सेवाभावी रुग्णालयांचा. लातूरचे विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली सुरू केले. डॉ. कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण मिळाले. मोठ्या नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मात्र तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड रुग्ण दाखल करतानाच द्यावे. बिल हाती आल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग होत नाही.

दुसरा पर्याय खासगी रुग्णालयाचा, पण योजनेतून. २०१२ साली आठ जिल्ह्यांत जी जीवनदायी योजना सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते व कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. मात्र ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालये, एवढीच तिची व्याप्ती आहे. म्हणून आधी तेथील आरोग्यमित्राला भेटावे. योजना लागू नसेल तर दरपत्रक पाहावे. २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने ते दर्शनी भागात लावलेच पाहिजे.

तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त, तो म्हणजे आपले गाव. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही आरोग्यसेविका केले. स्वच्छ बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, बाळाचे वजन, लसीकरण अशी साधीच कामे त्यांनी केली. पण त्यामुळे तिथले बालमृत्यू झपाट्याने घटले. तुळजापूर तालुक्यातील अणदूरलाही याच वाटेने काम झाले आहे.

वाचकहो, काही दुखण्यांत मात्र पर्याय शोधत बसू नये. साप चावला तर विषावरचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कुत्रे चावल्यावरची लस आणि क्षयाची औषधेही तिथे मोफतच आहेत. मांत्रिक किंवा पदवी नसलेला 'डॉक्टर' यांना तर पर्याय म्हणूच नये.

शेवटची गोष्ट. खासगीत पैसे संपेपर्यंत थांबायचे आणि मग अखेरच्या घटकेला रुग्ण सरकारीत न्यायचा, हा प्रकार फार घातक आहे. खर्च झेपणार नसेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही. रुग्णात धुगधुगी असताना हलवला तर कोणत्याही डॉक्टरच्या हाती काहीतरी उरते.