प्रकोष्ठातील एक दुर्लक्षित मज्जातंतू : अँटीरिअर इंटरॉसिअस नर्व्ह

हाताला मुंग्या नाहीत, त्वचेला बधिरता नाही, तरीही सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, सुई धरता येत नाही, अशी तक्रार घेऊन आलेला रुग्ण पुष्कळदा ‘वातव्याधी’ एवढ्या निदानावर अभ्यंगाचे तेल घेऊन परततो. अशा वेळी पुढील शाखेचे स्मरण ठेवावे, असे आम्हांस वाटते.

रचना : कूर्परसंधीखाली सुमारे ५ ते ८ सें.मी. अंतरावर ही शाखा मीडियन नर्व्हपासून निघते व दोन अस्थींमधील पटलाच्या पुढून मनगटापर्यंत जाते. फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस, फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा तर्जनी-मध्यमेकडील भाग आणि प्रोनेटर क्वाड्रेटस या मांसपेशींना ती चालना देते. मनगटाच्या सांध्याला ती संवेदना पुरविते. त्वचेला मात्र नाही. म्हणूनच विकृतीत बधिरता आढळत नाही. किलोह व नेव्हिन यांनी १९५२ मध्ये या विकृतीचे वर्णन केले.

परीक्षण : अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून गोल कडे करावयास सांगावे. विकृतीत दोहोंची शेवटची पेरी वाकत नाहीत. कडे न होता चपटी चिमूट होते.

सापेक्ष निदान : कार्पल टनेलमध्ये बोटांना मुंग्या येतात, त्या रात्री वाढतात, अंगठ्याचे शेवटचे पेर मात्र वाकते. जीर्ण संधिवाताच्या रुग्णात कंडरा तुटल्याचाही विचार करावा. मनगट मागे वाकविल्यावर अंगठ्याचे पेर आपोआप वाकले, तर कंडरा अखंड समजावी.

कारणे : खांदा व बाहू यांत तीव्र वेदना होऊन काही दिवसांनी दुर्बलता आल्यास न्यूरॅल्जिक अमायोट्रॉफीची शंका घ्यावी. लहान मुलांत कोपरावरील अस्थिभग्नात हीच शाखा वारंवार दुखावते. सुश्रुताचार्यांनी कूर्परमर्माची गणना वैकल्यकर मर्मांत करून त्याच्या आघाताने कुणित्व सांगितले आहे, ते येथे ध्यानी घ्यावे. बंधनापूर्वी व बंधनानंतर मुलाकडून ‘कडे’ करवून नोंद ठेवावी.

उपचार : आघात नसल्यास पुष्कळ रुग्ण काही महिन्यांत हळूहळू सुधारतात. या काळात मृदू स्नेहन-स्वेदन योजता येईल. कोपराखाली जोराचे मर्दन करू नये. ताज्या आघातात मर्दन सर्वथा वर्ज्य. भग्न, वाढती दुर्बलता वा तुटलेली कंडरा असल्यास शल्यचिकित्सकाकडे विनाविलंब पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही चिमूट सुटल्याची तक्रार ऐकताच केवळ तेल न देता वैद्याचा सल्ला घेण्यास सुचवावे.