पडद्यावर उशिरा आलेला स्फोट

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटले. इंग्लंडहून निघताना त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके, सोन्याच्या विटा आणि स्पिटफायर विमाने होती. कराचीत त्यात कापसाच्या गाठींची भर पडली. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. मांडवीची गोदामे आणि वस्ती जळाली. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचा आकडा मात्र आजही आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो.

या घटनेचे चित्रीकरण झाले होते. सुधीश घटक या छायालेखकाने स्फोट आणि त्यानंतरची वाताहत टिपली. (दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचे हे थोरले बंधू.) ती फिल्म लष्करी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली. पुढे तिचे काही तुकडे वार्तापटात दाखवले गेले. हल्ली त्या स्फोटाची दृश्ये आपण सहज पाहतो, तेव्हा ती या गाळणीतून आलेली असू शकतात हे लक्षात ठेवायला हवे.

ही गाळणी कशी होती? सरकारने १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ यांची व्यवस्था उभी केली. भारत संरक्षण नियमांनुसार प्रत्येक खेळाला सरकारमान्य चित्रफीत दाखवणे थिएटरमालकांना सक्तीचे झाले. मर्यादा होती दोन हजार फूट, म्हणजे साधारण बावीस मिनिटे. पडद्यावर विमाने, युद्धनौका, कारखाने दिसत. शहराच्या पोटात झालेला स्फोट मात्र लगेच दाखवण्यासारखा नव्हता. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच बातमी दिली. भारतातून ती बाहेर पाठवायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

मी चित्रपटाचे शिक्षण घेतलेले नाही. जुन्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून, थांबवून, मागे नेऊन त्या वाचायला शिकलो. त्यातून हाती लागलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, आवाजावर विश्वास ठेवू नये. युद्धकाळातील वार्ताचित्रकार बहुधा ‘आयमो’सारखा किल्ली द्यायचा हातकॅमेरा वापरत. त्यात शंभर फूट फिल्म बसे, म्हणजे जेमतेम मिनिटभराची, आणि आवाज मुद्रितच होत नसे. विमानाची घरघर, तोफांचा गडगडाट, बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत चढवलेला असतो. निवेदन तर त्याहूनही नंतरचे. म्हणून मी प्रत्येक फीत आधी आवाज बंद करून पाहतो. निवेदक गप्प झाला की चित्र वेगळेच काही सांगू लागते.

दुसरी, सावल्या पाहाव्यात. मुंबईची गोदी शहराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. सावली समुद्राकडे पडली असेल तर वेळ दुपारनंतरची, शहराकडे पडली असेल तर सकाळची. ‘स्फोटानंतर लगेच’ असे सांगून दाखवलेल्या दृश्यात सावली शहराकडे असेल, तर ते चित्रीकरण दुसऱ्या दिवसाचे किंवा त्याहून नंतरचे समजावे. धूर, ढिगारे, नळ धरलेली माणसे सगळी तीच राहतात, दिवस बदलतो.

तिसरी, चौकटीची कड पाहावी. मध्यभागी काय ठेवायचे हे छायालेखक ठरवतो. कडेला जे येते ते न ठरवता येते: हातगाडी, दुकानाची पाटी, डोक्यावर गाठोडे घेऊन चाललेली बाई, काम थांबवून कॅमेऱ्याकडे पाहणारा हमाल. कात्री चालवणाऱ्याचे लक्ष मध्यावर असते, म्हणून कड पुष्कळदा वाचते.

ही कड मुंबईच्या बाबतीत फार मोलाची आहे. त्या काळी गोदीतले कितीतरी कामगार मुकादमामार्फत रोजच्या रोज घेतले जात. या कामाचे नियमन करणारा कायदा झाला १९४८ मध्ये. शिपाई, खलाशी, बंबवाले यांची नावे कुठल्या तरी हजेरीपटावर होती. सकाळी उभा राहून काम मिळवणाऱ्याचे नाव कुठे असणार? आठशे आणि तेराशे यांच्यामधल्या पाचशेंत असे कितीजण असतील, याचा विचार मनातून जात नाही. चित्रफीत मृतांची मोजदाद करू शकत नाही. पण त्या धक्क्यावर कोण कामाला होते, एवढे ती दाखवू शकते.

म्हणून उरलेली प्रत्येक फीत जपायला हवी, आणि इथे काळाशी स्पर्धा आहे. त्या काळातील ३५ मिलिमीटर फिल्म बहुतांशी नायट्रेटची. ती आपोआप कुजते. आधी पिवळी पडते, मग चिकट होते, शेवटी भुकटी. पेटली तर पाण्यातही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट कोठीला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह मोठा ठेवा गेला. गाजलेल्या चित्रपटांसाठी निदान हळहळ झाली. वार्तापटाच्या कापलेल्या तुकड्यासाठी हळहळणार कोण?

‘इंडियन न्यूज परेड’ १९४६ मध्ये बंद झाली आणि ‘फिल्म्स डिव्हिजन’ १९४८ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, तेव्हा तो क्षण टिपायला सरकारचे स्वतःचे वार्तापट पथक नव्हते. कधी चित्रीकरण जप्त होते, कधी होतच नाही, कधी डब्यात कुजते. परिणाम एकच: कडेला उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. पुढच्या वेळी अशी जुनी दृश्ये समोर आली, तर आवाज बंद करा आणि नजर मध्यावरून थोडी बाजूला न्या. तिथे कुणीतरी उभे असेल.