विश्लेषण : पत्रे द्यायला निघाल्या आणि न्यायालयात पोहोचल्या! शिस्तीच्या सिंगापूरमध्ये तरुणांना नेमके काय खटकते?

स्वच्छ रस्ते, वेळेवर धावणारी मेट्रो, रात्री उशिराही एकटीने बिनधास्त फिरता येईल असे शहर. खड्ड्यांतून दुचाकी काढताना ‘आपल्याकडे सिंगापूरसारखी शिस्त हवी,’ असे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेले असते. त्याच सिंगापूरमध्ये पंतप्रधानांना पत्रे द्यायला चालत गेल्याबद्दल तीन तरुणींवर खटला चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. मात्र या खटल्याने तिथले जुनेच प्रश्न पुन्हा वर आणले.

नेमके घडले काय?

२ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी सुमारे ७० जण ऑर्चर्ड रोडवरील एका मॉलपासून ‘इस्ताना’कडे चालत निघाले. इस्ताना हे राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत निवासस्थान. पंतप्रधानांचे कार्यालयही तिथेच. सोबत होती गाझाबद्दल चिंता व्यक्त करणारी पत्रे आणि कलिंगडाच्या फोडीसारख्या रंगवलेल्या छत्र्या. कलिंगडाचे रंग पॅलेस्टाइनच्या झेंड्याशी जुळतात, म्हणून ते प्रतीक झाले आहे. ना दगडफेक, ना रास्ता रोको.

तरीही जूनमध्ये तिघींवर मनाई क्षेत्रात विनापरवाना मिरवणूक काढल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यातली सर्वात धाकटी २५ वर्षांची. दोषी ठरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा रस्ता मनाई क्षेत्रात येतो हे त्यांना ठाऊक होते, असे सरकारी पक्षाला सिद्ध करता आले नाही आणि न्यायालयाने तिघींना सोडले. थोडक्यात, सुटका झाली ती माहिती नसल्याच्या मुद्द्यावर. पत्रे घेऊन चालत जाण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

एकट्यानेच फलक धरला तर?

इथे कायदा नीट वाचायला हवा. पूर्वी सिंगापूरमध्ये पाच किंवा अधिक जण जमले तर परवाना लागे. आपल्याकडेही बेकायदा जमाव म्हणायला किमान पाच माणसे लागतात. सिंगापूरने २००९ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात ही संख्याच काढून टाकली. एखाद्या मुद्द्याला पाठिंबा किंवा विरोध दाखवण्यासाठी एकटी व्यक्ती उभी राहिली, तरी तो ‘जमाव’. अभियांत्रिकीला आम्हाला कोणत्याही सूत्राची किमान मर्यादा तपासायला शिकवत. जमावाची किमान संख्या एक असू शकते, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हते.

हे कागदावरच राहिलेले नाही. मार्च २०२० मध्ये १८ आणि २० वर्षांच्या दोन पर्यावरण कार्यकर्त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकट्याने फलक धरून फोटो काढले आणि समाजमाध्यमांवर टाकले. पोलिसांनी दोघांचीही चौकशी सुरू केली. त्यांना पाठिंबा म्हणून एक ज्येष्ठ कार्यकर्ता पोलीस केंद्रासमोर पुठ्ठा घेऊन उभा राहिला. पुठ्ठ्यावर एक हसरा चेहरा, बाकी एक अक्षर नाही. फोटोपुरता तो तिथे थांबला. नोव्हेंबरमध्ये त्याच्यावरही आरोप ठेवण्यात आला.

मग बोलायचे कुठे?

हाँग लिम पार्कमध्ये. सन २००० पासून तिथे ‘स्पीकर्स कॉर्नर’ आहे. मुंबईतल्या आझाद मैदानाची आठवण यावी अशी ही व्यवस्था. नोंदणी करायची ती उद्याने सांभाळणाऱ्या खात्याकडे. वंश आणि धर्म या विषयांवर बोलायचे नाही. परदेशी नागरिकांना निदर्शनांत सहभागी होता येत नाही. त्यामुळे नोकरीसाठी तिथे गेलेल्या मराठी मुलामुलींनी ‘नुसते बघायला जाऊ’ म्हणण्याआधीही विचार केलेला बरा.

ही घडी बसली कशी?

१९६५ मध्ये मलेशियापासून वेगळे झालेले हे बेट. नैसर्गिक संपत्ती नाही, चिनी, मलय आणि भारतीय वंशाची मिश्र वस्ती, १९६४ च्या वांशिक दंगलींची ताजी आठवण. पंतप्रधान ली कुआन यू यांनी जनतेशी जणू एक अलिखित करार केला : घर, नोकरी, सुरक्षितता आम्ही देऊ, कारभारात लुडबुड नको.

सरकारने आपली बाजू पाळली, हे मान्य करावेच लागेल. आज दहापैकी जवळपास आठ रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. म्हाडाच्या सोडतीत वर्षानुवर्षे अर्ज भरणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. पण घरासोबत अटीही आल्या. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबे राहणार याचा कोटा ठरलेला आहे. वेगवेगळ्या वस्त्या तयार होऊ नयेत हा हेतू. मात्र कोटा भरला की घर विकताना ग्राहक कमी होतात आणि त्याची झळ अल्पसंख्याकांना अधिक बसते.

कराराची दुसरी बाजू १९८७ मध्ये दिसली. चर्चशी संबंधित समाजसेवक, वकील, नाट्यकर्मी अशा २२ जणांना ‘मार्क्सवादी कटा’च्या आरोपावरून खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. च्युइंगमवरच्या बंदीचा किस्सा जगभर सांगितला जातो, हा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही.

आजच्या तरुणांना काय खटकते?

फलक धरणारे मूठभरच. बाकीच्यांना नियम भेटतात ते रोजच्या जगण्यात. प्राथमिक शाळेअखेर, साधारण १२ व्या वर्षी राष्ट्रीय परीक्षा. तिच्या गुणांवर माध्यमिक शाळा ठरते. मुलांना दोन वर्षे सक्तीची लष्करी सेवा. अविवाहित असाल तर एकट्याच्या नावावर सरकारी घर घेण्यासाठी साधारणपणे वयाची पस्तिशी गाठावी लागते. लग्न करा, लवकर घर मिळवा, असा हा हिशेब. तरीही २०२३ मध्ये तिथला जननदर ०.९७ वर आला, प्रथमच एकच्या खाली. फक्त नियमांना याचे कारण ठरवणे चुकीचे होईल, पण आखून दिलेल्या वाटेने सगळे चालत नाहीत, एवढे यातून दिसते.

मग सत्ता का बदलत नाही?

कारण नाराजी आणि बंड यांत बरेच अंतर असते. १९५९ पासून पीपल्स ॲक्शन पार्टीच सत्तेत आहे. २०२० मध्ये तिची मते ६१ टक्क्यांवर घसरली तेव्हा बदलाची चर्चा झाली. मे २०२५ मध्ये ती पुन्हा ६५ टक्क्यांवर गेली आणि ९७ पैकी ८७ जागा पक्षाकडेच राहिल्या. निवडणूक रचना मोठ्या पक्षाला सोयीची आहे, हा विरोधकांचा आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. पण जगात उलथापालथ सुरू असताना बसलेली घडी मोडायला अनेक तरुणही तयार नाहीत, हेही खरे.

सरकार काही ठिकाणी नमतेही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे ब्रिटिशकालीन कलम २०२२ मध्ये रद्द झाले. माध्यमिक शाळेत मुलांना गुणांनुसार वेगवेगळ्या प्रवाहांत बसवण्याची पद्धत २०२४ पासून मोडीत निघू लागली. सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातली ‘एका व्यक्तीचा जमाव’ ही तरतूद मात्र कायम आहे. आणि तिघींच्या सुटकेविरोधात सरकारी पक्षाने अपिलाचा मार्ग धरला.