आवडलेलीं, हुकलेलीं व अपेक्षिलेलीं पुस्तकें

गेल्या दिवाळींत पुण्यास शिकत असलेला माझा नातू हिंगोलीस आला होता. फराळाचें ताट पुढें असतां त्यानें मला सहज विचारलें, "आजोबा, अद्भुत कथांपैकीं तुमचीं सर्वांत आवडतीं पुस्तकें कोणतीं? वाचावयाचीं हुकलेलीं कोणतीं? आणि ज्यांची तुम्ही अजून वाट पाहत आहां अशीं कोणतीं?" असे प्रश्न एकमेकांस विचारण्याची त्याच्या मित्रमंडळींत चाल आहे. मीं हंसून वेळ मारून नेली. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मजपाशीं होतीं. तिसऱ्याचें उत्तरहि होतें, पण साठ वर्षांत तें मीं कोणाजवळ उच्चारलें नव्हतें.

अद्भुत कथा म्हटली कीं आमच्यासारख्या घरांतील वडील माणसांच्या कपाळाला बारीकशी आठी पडते. "हें पोरखेळाचें वाचन," असें म्हणणारे गृहस्थ संध्याकाळीं देवळांत समुद्रमंथनाचें आख्यान तल्लीन होऊन ऐकतात, आणि लहानपणीं वेताळपंचविशी व सिंहासनबत्तिशी यांवर पोसलेले असतात. मराठी कादंबरीच्या आरंभींच्या काळांत अद्भुताला मोठें स्थान होतें. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं. आपल्या लोकांच्या नित्याच्या संसारांत चटकदार असें कांहीं घडत नाहीं, म्हणून चमत्कारांचा आश्रय करावा लागतो, अशी कैफियत रिसबुडांनीं प्रस्तावनेंतच दिली. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं 'करमणूक' पत्रांतून 'पण लक्षांत कोण घेतो!' लिहून नित्याच्या संसारांत केवढें नाट्य भरलेलें आहे तें दाखविलें. तें उत्तमच झालें. पण तेव्हांपासून अद्भुताला आपण दिवाणखान्यांतून माजघरांत व माजघरांतून माळ्यावर धाडलें, असें मला वाटतें.

माझें पहिलें आवडतें पुस्तक अशा माळ्यावरच सांपडलें. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं हातीं घेतलेलें व पुढें विष्णुशास्त्र्यांनीं चालविलेलें 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हें तें भाषांतर. आमच्या प्रतीला पुठ्ठा नव्हता आणि शेवटचीं पानें वाळवीनें नेलीं होतीं. परंतु भाषा अशी प्रौढ व प्रवाही, कीं बगदादचा खलिफा आमच्याच आळींत राहतो असें वाटावें. सकाळ झाली कीं गोष्ट अर्ध्यावर थांबवून आपला जीव वांचविणारी ती वजिराची मुलगी मला तेव्हां फार चतुर वाटली. गोष्ट अर्ध्यावर राहण्याचें दुःख काय असतें, हें मात्र मला मागाहून कळावयाचें होतें.

दुसरें पुस्तक नाथमाधवांचें 'वीरधवल'. हें १९१३ सालचें. द्वारकानाथ माधव पितळे हें त्यांचें खरें नांव. ऐन तारुण्यांत शिकारीच्या नादांत सिंहगडावरून पडून त्यांचें कमरेखालचें शरीर लुळें झालें, आणि नंतर त्यांनीं लेखणी हातीं घेतली. ज्या माणसाचे पाय जागचे हलत नव्हते, त्यानें महाराष्ट्रांतील हजारों मुलांना डोंगरदऱ्यांतून व भुयारांतून धांवावयास लावलें. अद्भुत वाङ्मय म्हणजे आयुष्यापासून पळ, असें म्हणणाऱ्यांनीं एवढें एक चरित्र ध्यानांत ठेवावें.

माझें तिसरें आवडतें पुस्तक मीं वाचलेलें नाहीं, ऐकलें आहे. आमचें हिंगोली १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी अमलांत होतें. घरीं मराठी, देवघरांत संस्कृत, आणि दुय्यम शाळेंत व कचेरींत उर्दू, अशी आमच्या वडिलांच्या पिढीची तिपेडी वेणी होती. आप्पांनीं पुढील शिक्षण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठांत घेतलें. १९१८ सालीं स्थापन झालेल्या त्या विद्यापीठांत शास्त्रेंहि उर्दूंतूनच शिकवीत. तेथें एका सहाध्यायाच्या घरीं त्यांना 'तिलिस्म-ए-होशरुबा' भेटली. लखनौच्या मुनशी नवलकिशोर यांच्या छापखान्यानें १८८३ ते १८९३ या दहा वर्षांत हिचे सात खंड काढले. पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांनीं लिहिले, पुढील अहमद हुसेन कमर यांनीं. आणि हे सातहि खंड 'दास्तान-ए-अमीर हमझा' या शेहेचाळीस खंडांच्या महासागराचा केवळ एक भाग होत!

तिलिस्म म्हणजे जादूगारांनीं रचलेली मायासृष्टि. तिचा भंग करणारा वीर आधींच ठरलेला असतो, आणि भंग कसा करावा हें एका पाटीवर लिहून ठेवलेलें असतें. पण ती पाटी मिळविणें हेंच महाकर्म. जादूगारांचा सम्राट् अफरासियाब, अमीर हमझाचा नातू असद, आणि अवघें जग जिच्यांत मावतें अशी जंबील नांवाची झोळी बाळगणारा बहुरूपी अम्र अय्यार, हीं मंडळी उन्हाळ्याच्या रात्रीं आमच्या गच्चीवर उतरत. आप्पा उर्दू पुस्तकांतलें मनांत आठवीत आणि तोंडानें शुद्ध मराठी सांगत. ऐन रंगांत आलें कीं अंगावर चादर ओढून म्हणत, "उद्यां."

१९६४ च्या पावसाळ्यांत आप्पा तीन दिवसांच्या तापानें गेले. मी चौदा वर्षांचा होतों. अम्र अय्यार सात कड्यांच्या दारापाशीं उभा होता आणि सातवें कडें कोणत्या बोलानें उघडतें तें त्यास ठाऊक नव्हतें. तो तेथें उभाच राहिला.

आतां हुकलेलीं पुस्तकें. कांहीं माझ्या गर्वानें हुकलीं. नारायण धारप यांच्या भयकथा व त्यांचे 'समर्थ' वाचनालयांतून मुलें झडप घालून नेत, तेव्हां मी शिक्षक होतों आणि त्या पुस्तकांकडे तिरप्या नजरेनें पाहत असें. धारप २००८ सालीं वारले. त्यानंतर कोणीतरी बळेंच हातीं दिलेलें त्यांचें एक पुस्तक मीं एका रात्रींत वाचून काढलें. ज्या विद्यार्थ्यांच्या हातून अशीं पुस्तकें मीं काढून घेतलीं होतीं, त्यांचे चेहरे त्या रात्रीं एकामागून एक डोळ्यांपुढें आले.

पण एक पुस्तक असें आहे कीं तें मलाच काय, साऱ्या जगाला हुकलें. आणि तें आमच्या मराठवाड्यांतलें. गोदातीरावरील प्रतिष्ठान म्हणजे आपलें पैठण. तेथील सातवाहन राजाच्या दरबारीं गुणाढ्य नांवाचा पंडित होता. राजाला सहा महिन्यांत व्याकरण शिकविण्याची पैज दुसऱ्या पंडितानें जिंकली, तेव्हां हरलेल्या गुणाढ्यानें संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या, तो विंध्यारण्यांत गेला, आणि तेथें ऐकलेल्या कथा त्यानें पैशाची भाषेंत सात वर्षें बसून स्वतःच्या रक्तानें लिहिल्या. सात लाख श्लोक झाले. राजानें तो ग्रंथ तुच्छतेनें परत पाठविला. मग गुणाढ्यानें टेकडीवर कुंड पेटविलें. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नींत टाकी. हरणें चरणें विसरून अश्रु ढाळीत ऐकत राहिलीं. राजा धांवत आला तेव्हां सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते.

ही कथा सोमदेवानें 'कथासरित्सागरा'च्या आरंभीं सांगितली आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सूर्यवती राणीच्या विनोदार्थ त्यानें तो ग्रंथ रचला. त्याचे अठरा लंबक व एकशें चोवीस तरंग आहेत. वेताळाच्या पंचवीस गोष्टीहि त्यांतच आहेत. रक्ताची शाई व रडणारीं हरणें ही आख्यायिका असेल; परंतु बृहत्कथा नांवाचा ग्रंथ होता, दंडी व बाण यांना तो ठाऊक होता, यांत संशय नाहीं. आज मूळ ग्रंथाची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. सोमदेवाचा सागर, क्षेमेंद्राची मंजरी आणि नेपाळांत सांपडलेला बुधस्वामीचा अपुरा श्लोकसंग्रह, एवढ्या आरशांतून आपण तिचें मुख पाहावयाचें. नरवाहनदत्ताची कथा ज्यांनीं वाचली असेल, त्यांना काय हरवलें याची कल्पना येईल.

राहिला तिसरा प्रश्न. नातू एका अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाची वाट पाहत होता. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा पांचवा भाग २०११ सालीं निघाला, आणि त्यानंतर दहा वर्षें उलटून गेलीं तरी सहाव्याचा पत्ता नव्हता. तो त्याविषयीं तावातावानें बोलत होता. मीं शेवटीं म्हटलें, "बाळ, तुझा लेखक निदान हयात आहे. मी ज्या पुढच्या भागाची वाट पाहतों, त्याचा सांगणारा जाऊन साठ वर्षें झालीं." मग मीं त्याला अम्र अय्यार व तें सातवें कडें यांची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला व म्हणाला, "मग तुम्ही उर्दू कां शिकत नाहीं?"

देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ सालीं निघाली तेव्हां ती वाचण्यासाठीं अनेकांनीं हिंदी शिकून घेतली, असें सांगतात. पण तीं तरुण माणसें. चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झालेली असतां, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपि गिरवावयास बसणें ही गोष्ट निराळी. आमच्या गल्लींतील एका निवृत्त उर्दू शिक्षकांनीं माझी शिकवणी पत्करली. पहिला खंड मिळविला. सुरुवातीस अर्धें पान वाचावयास एक सकाळ लागे. पुढें दोन पानें होऊं लागलीं.

आणि मग मला एक चमत्कार दिसूं लागला. आप्पांच्या गोष्टींत अम्र अय्यार एका कोरड्या नदींत वाळूचा झरा उकरून पाणी पितो. मग एक म्हातारी त्याला भाकरी व ठेचा देते. मग तो वांकून एका अरुंद दारानें खालीं खालीं उतरतो, तों जमिनीखालीं लहानसा गाभारा लागतो. आणि वर आल्यावर पाहतो तर सगळें देऊळ फिरून दुसऱ्याच दिशेस तोंड करून उभें! यांतील कांहींच पुस्तकांत भेटेना. मीं मास्तरसाहेबांना विचारलें. त्यांनीं तरुणपणीं सातहि खंड वाचलेले होते. ते म्हणाले, "हें त्यांत कोठेंच नाहीं. अहो, ती नदी आपली कयाधू, आणि तें देऊळ औंढ्याचें! दास्तान सांगणारा प्रत्येकजण तींत आपल्या गांवचें पाणी मिसळतो."

नामदेवांच्या कीर्तनासाठीं औंढ्या नागनाथाचें देऊळ फिरलें, ही कथा या मुलखांत कोणास ठाऊक नाहीं? मलाच ती ओळखूं आली नव्हती. सातवें कडें कोणत्याहि खंडांत नव्हतें. ज्या पुस्तकाची मीं साठ वर्षें वाट पाहिली, तें कधीं छापलेंच गेलें नव्हतें. तें आप्पांबरोबर चितेवर गेलें होतें.

त्या दिवशीं मी फार खिन्न झालों. पण रात्रीं मला गुणाढ्याच्या उरलेल्या एक लाख श्लोकांची आठवण झाली. सहा लाख जळालें म्हणून राजानें राहिलेलें टाकून दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दोनशें पानांची वही आणली आणि आप्पांच्या तोंडून ऐकलेलें जेवढें आठवतें तेवढें लिहावयास आरंभ केला. दर रविवारीं नातू पुण्याहून फोन करतो आणि लिहिलेलें वाचावयास लावतो. सातव्या कड्याचा बोल मला अद्याप सुचलेला नाहीं. त्यानें दोन सुचविले आहेत, त्यांपैकीं एक बरा आहे.

वाचकहो, तुमच्या घरींहि कोणी आजी, कोणी मामा असे असतील, ज्यांची गोष्ट कोणत्याहि छापील पुस्तकांत मिळणार नाहीं. त्यांच्यापाशीं बसा, आणि ऐकलेलें त्याच रात्रीं लिहून ठेवा. नातवानें परवां विचारलें, "आजोबा, पुढें काय झालें?" माझे डोळे दुखत होते. मीं वही मिटली आणि म्हटलें, "उद्यां."