स्ट्रॉबेरी वरच बरी!

संडे मॉर्निंग. नोकरी सोडल्यापासून ही पोरगी खाते तरी काय, हे बघायला आई पहिल्यांदाच माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आलेली आणि मी चक्क वॉफल्सचा घाट घातलेला! पाकिटातलं प्रीमिक्स नाही हं, सगळं घरचं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बारीक चिरून थेट पिठात ढकलली. झालं! फळाला पाणी सुटलं, साखर करपली आणि वॉफल मेकरचं झाकण उघडताना वॉफलचे दोन तुकडे.

'पहिलं घावन बिघडतंच गं,' म्हणत आई ओट्याशी आली.

मग पुन्हा श्रीगणेशा. एक कप मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. त्यात पाऊण कप दूध, एका अंड्याचा पिवळा बलक, तीन चमचे वितळलेलं बटर. अंड्याचं पांढरं वेगळं फेसून शेवटी अलगद मिसळायचं, वॉफल हलकं होतं ते त्यामुळेच. मशीन कडकडीत तापवायचं आणि वाफ थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. (मी लावला. चापट खाल्ली.) तयार वॉफल ताटात नाही, जाळीवर काढायचं, नाहीतर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं.

आणि स्ट्रॉबेरी? साखर भुरभुरून दहा मिनिटं ठेवलेली, क्रीमसोबत वरून! १९६४च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमध्ये बेल्जियन वॉफल गाजलं ते याच थाटात.

आईने दोन संपवली. 'पुढच्या वेळी येताना तांदळाचं पीठ आणते,' म्हणाली.