हॅरियर, हेक्टर, कंपास: तीन कंपन्या, पण डिझेल इंजिन एकच! असं का?

टाटा हॅरियर, एमजी हेक्टर आणि जीप कंपास. 2019 मध्ये या तिन्ही गाड्यांच्या डिझेल मॉडेलचं बॉनेट उघडलं, तर आत मुळात एकच इंजिन होतं: फियाटचं 2.0 लिटर मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या या इंजिनाला टाटाने नाव दिलं 'क्रायोटेक'.

कंपन्या असं का करतात?

नवं इंजिन विकसित करायला काही वर्षं आणि प्रचंड पैसा लागतो. प्रदूषणाचे नियम कडक झाले की पुन्हा खर्च. तोच खर्च जास्त गाड्यांमध्ये विभागला, की प्रत्येक गाडीमागचा भार कमी होतो. याआधी फियाटचंच 1.3 लिटर डिझेल इंजिन मारुती स्विफ्ट आणि टाटा इंडिका व्हिस्टामध्येही होतं. ते इतक्या गाड्यांत दिसायचं, की गमतीने त्याला 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' म्हटलं जायचं.

मग गाड्या सारख्याच चालतात का?

नाही. 2019 मध्ये याच 2.0 लिटर इंजिनातून हॅरियरला 140 पीएस ताकद मिळायची, तर कंपासला 173 पीएस. ट्यूनिंग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि गाडीचं वजन यांमुळे खूप फरक पडतो.

फक्त इंजिनच सारखं असतं का?

कधी त्याहून बरंच काही. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच मूळ सांगाड्यावर बनतात. टोयोटा ग्लान्झा तर मुळात मारुतीची बलेनोच. लोगो आणि काही बाह्य बदल सोडले, तर जवळपास तीच गाडी.

ग्राहकाने काय बघावं?

2019 मध्ये ग्लान्झा आली, तेव्हा तिच्यावर 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरची वॉरंटी होती. बलेनोवर मात्र 2 वर्षं किंवा 40 हजार किलोमीटर. गाडी तीच, हमी वेगळी! म्हणूनच 'जुळी' गाडी घेताना दोन्ही शोरूममध्ये जा. ऑन-रोड किंमत, वॉरंटी, सर्व्हिसचा खर्च आणि घराजवळचं सर्व्हिस सेंटर यांची तुलना करा. इंजिन सारखं असेल, तर टेस्ट ड्राइव्ह मात्र प्रत्येक गाडीची वेगळी घ्या.